तिजोरीच्या खोलीतले 131 तास: स्टॉकहोमच्या ओलिसांनी विश्वास कोणावर ठेवला आणि का

गुरुवार, 23 ऑगस्ट 1973 रोजी सकाळी दहाच्या सुमारास स्टॉकहोमच्या मध्यवस्तीतील नॉरमाल्म्सटोर्ग चौकात असलेल्या क्रेडिटबांकेन या बँकेच्या शाखेत एक सशस्त्र माणूस शिरला. त्यानंतर बँकेचे चार कर्मचारी 131 तास ओलीस राहिले. या काळात त्यांनी दरोडेखोरांची बाजू घेतली, पोलिसांवर आणि पंतप्रधानांवर उघड अविश्वास दाखवला आणि सुटकेच्या क्षणी दरोडेखोरांना मिठ्या मारून त्यांचा निरोप घेतला. 'स्टॉकहोम सिंड्रोम' ही संज्ञा या घटनेतून जन्माला आली. अपहृत व्यक्तीला अपहरणकर्त्याविषयी आपुलकी किंवा प्रेम वाटू लागणे, असा तिचा अर्थ आज आपल्याकडेही बहुतेकांना माहीत असतो. मूळ प्रकरण मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते, आणि एका ओलीस तरुणीचे दरोडेखोराशी पुढे लग्न झाले, ही निराधार दंतकथाच अनेकदा त्या जागी सांगितली जाते. घटनाक्रम नीट मांडून पाहिला, तर ओलिसांच्या वागण्यात मनोविकारापेक्षा परिस्थितीचे मोजमाप अधिक दिसते, असे माझे मत आहे. ते मोजमाप कशाच्या आधारावर झाले, हे पाहण्यासाठी हा प्रकरण अभ्यास आहे.

घटनेची सुरुवात

दरोडेखोराचे नाव यान-एरिक ओल्सन. वय 32. काल्मार येथील तुरुंगातून त्याला रजेवर सोडले होते आणि तो परतलाच नव्हता. डोक्यावर टोप, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात स्वयंचलित बंदूक आणि जवळ स्फोटके अशा अवस्थेत आलेल्या या माणसाने छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या. तो इंग्रजीत, अमेरिकी वळणाने बोलत होता, त्यामुळे तो परदेशी असावा असा पहिला समज झाला. आत आलेल्या एका पोलिसाच्या हाताला त्याची गोळी लागली. दुसऱ्या एका पोलिसाला त्याने खुर्चीवर बसवून गाणे म्हणायला लावले.

त्याच्या मागण्या स्पष्ट होत्या. त्याला 30 लाख क्रोनर, शस्त्रे, गोळीरोधक जाकिटे, शिरस्त्राणे आणि वेगवान मोटार हवी होती. याखेरीज तुरुंगात असलेल्या क्लार्क ओलोफसनला तेथे आणून द्यावे, अशीही त्याची मागणी होती. ओलोफसन हा त्या वेळी 26 वर्षांचा होता. त्याच्या गुन्ह्यांमुळे आणि पलायनांमुळे त्याचे नाव स्वीडनभर ठाऊक होते, आणि काल्मारच्या तुरुंगात त्याची ओल्सनशी ओळख झाली होती. सरकारने ओलोफसनला खरोखरच नॉरशेपिंगच्या तुरुंगातून बँकेत आणले. पैसे आले आणि निळ्या रंगाची एक फोर्ड मस्टँग बँकेबाहेर उभी राहिली. एकच गोष्ट सरकारने नाकारली: ओलिसांना सोबत घेऊन मोटारीतून निघून जाण्याची परवानगी.

ओलिसांमध्ये सुरुवातीला तीन स्त्रिया होत्या. त्यांपैकी क्रिस्टिन एनमार्क यांनी पुढे स्वतःचा अनुभव जाहीरपणे, पुस्तक लिहून आणि मुलाखती देऊन मांडला असल्याने त्यांचे नाव येथे घेत आहे. त्या वेळी त्या 23 वर्षांच्या होत्या. इतर दोघींपैकी एक 21 वर्षांची होती, तर दुसरी 31 वर्षांची असून तिला घरी मुले होती. बँकेत लपून राहिलेला एक तरुण कर्मचारी नंतर ओलोफसनला सापडला आणि तो चौथा ओलीस झाला. हे चौघे आणि दोन्ही गुन्हेगार तळमजल्यावरील तिजोरीच्या खोलीत एकत्र राहू लागले.

बाहेर पोलीस, निशाणबाज आणि पत्रकार यांची गर्दी होती. स्वीडनमध्ये एखादा गुन्हा अशा रीतीने घडत असतानाच दूरचित्रवाणीवर पाहण्याची ही पहिली वेळ होती. नागरिक पोलिसांना फोन करून उपाय सुचवत होते. कोणी भक्तिगीतांचा बँड वाजवावा असे म्हणत होते, तर कोणी चवताळलेल्या मधमाश्या आत सोडाव्यात असे सांगत होते. सार्वत्रिक निवडणूक 16 सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या साडेतीन आठवड्यांवर होती. पंतप्रधान ओलोफ पाल्मे आणि न्यायमंत्री लेनार्ट गेयेर यांच्या प्रत्येक निर्णयाकडे मतदार पाहत होते. ही राजकीय पार्श्वभूमी तिजोरीत बसलेल्यांनाही माहीत होती, आणि ती विसरून त्यांच्या वागण्याचा अर्थ लावता येत नाही.

तिजोरीच्या खोलीत

या प्रकरणाचा गाभा आतल्या लहान लहान प्रसंगांत आहे. सुटकेनंतर ओलिसांनी जे सांगितले त्यातून ते प्रसंग बाहेर आले.

21 वर्षांच्या तरुणीला बंद जागेत गुदमरायला होत असे. ओल्सनने तिच्या गळ्याभोवती लांब दोर बांधला आणि तिला तिजोरीबाहेर थोडे फिरू दिले. नंतर तिने सांगितले की, त्या क्षणी तिला त्याचे वागणे दयाळूपणाचे वाटले होते. एका ओलीस तरुणीला थंडी वाजू लागली तेव्हा त्याने आपले जाकीट तिच्या खांद्यांवर टाकले. मुलांची आई असलेल्या स्त्रीला घरी फोन लागत नव्हता. तेव्हा पुन्हा प्रयत्न करा, सोडून देऊ नका, असे त्यानेच तिला सांगितले. एनमार्क वाईट स्वप्नाने दचकून उठल्या, तेव्हा त्याने त्यांची समजूत काढली.

याहून कठीण प्रसंग पुरुष ओलिसाचा आहे. आपण गंभीर आहोत हे पोलिसांना दाखवण्यासाठी ओल्सनने त्याच्या पायावर गोळी झाडण्याचे ठरवले आणि तसे त्याला आधी सांगितले. फक्त पायावरच झाडीन, जीव घेणार नाही, असेही सांगितले. त्या तरुणाला पुढे आठवत राहिले ते असे की, हा माणूस केवळ पायावर गोळी झाडणार आहे, म्हणजे किती भला आहे, असे त्याला तेव्हा वाटले होते. एनमार्क यांनीही त्याला धीर देताना, पायच तर आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. प्रत्यक्षात ती गोळी झाडली गेली नाही. ओल्सन चांगला वागला की तो आम्हाला आणीबाणीतला देव वाटे, असे याच तरुणाने नंतर सांगितले.

बाहेरून ऐकणाऱ्याला हे सारे विकृत वाटते, कारण दोर गळ्यात बांधणाराही ओल्सन होता आणि भीतीचे मूळही तोच होता. पण आत असलेल्या माणसाजवळ तुलनेसाठी बाहेरचे जग उरलेले नसते. कालपर्यंत जगणे गृहीत धरलेल्या माणसाला आज प्रत्येक तास दुसऱ्याच्या मर्जीने मिळू लागतो. अशा वेळी न झाडलेली गोळी ही मिळालेली वस्तू वाटते. त्यात समजुतीचा दोष शोधण्याआधी हे ध्यानात घ्यावे लागते की, ओलिसाच्या हाती उरलेले एकमेव काम बंदूकधाऱ्याचा स्वभाव वाचणे हेच होते. तो कधी भडकतो, कशाने शांत होतो, त्याच्यात दयेची जागा कुठे आहे, हे चौघेही सतत पाहत होते. दयेची जी जागा सापडली, तिला त्यांनी धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमचे पोलीसप्रमुख ओलिसांची प्रकृती पाहण्यासाठी आत गेले. ओलीस आपल्याशी फटकून वागतात आणि दरोडेखोरांशी मोकळेपणाने बोलतात, असे त्यांना दिसले. बाहेर येऊन त्यांनी पत्रकारांना सांगितले की, आतल्या लोकांचे संबंध बरेच सैलावलेले दिसतात, त्यामुळे दरोडेखोर ओलिसांना इजा करतील असे वाटत नाही. हे विधान महत्त्वाचे आहे. ओलिसांचा जो निष्कर्ष पुढे आजाराचे लक्षण ठरला, तोच निष्कर्ष पोलीसप्रमुखाने काढला तेव्हा तो जबाबदार अधिकाऱ्याचा अंदाज मानला गेला.

पंतप्रधानांशी झालेले बोलणे

ओलीस ठेवल्याच्या पहिल्या दोन दिवसांतच एनमार्क यांचे पंतप्रधान पाल्मे यांच्याशी फोनवर दीर्घ बोलणे झाले. या संभाषणाचे ध्वनिमुद्रण झाले असल्याने त्यातील आशयाबद्दल शंका नाही. मी तुमच्यावर फार निराश आहे, असे त्यांनी देशाच्या पंतप्रधानांना सांगितले. तुम्ही आमच्या आयुष्याशी सोंगट्यांचा खेळ खेळत बसला आहात, असे त्या म्हणाल्या. क्लार्क आणि दरोडेखोर यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यांनी आम्हाला काहीही केलेले नाही, उलट ते चांगले वागले आहेत. मला भीती आहे ती पोलीस हल्ला करतील आणि त्यात आम्ही मरू याची, असेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. दोघांसोबत मोटारीतून जाऊ द्यावे, ही त्यांची मागणी होती. पाल्मे यांनी ती मान्य केली नाही. याच बोलण्यात पंतप्रधानांनी, आपल्या कामाच्या जागी मरण आले तर त्यात समाधान मानता येणार नाही का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला, असे एनमार्क यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

'स्टॉकहोम सिंड्रोम'चा पहिला पुरावा म्हणून आजवर सर्वाधिक उद्धृत झालेले बोलणे हेच असेल. ते पुन्हा वाचताना मला मात्र त्यात युक्तिवाद दिसतो. एक बाजू आमच्याशी बोलते, शब्द देते आणि निदान आजवर पाळते. दुसरी बाजू शस्त्रे घेऊन बाहेर उभी आहे आणि आमचे म्हणणे ऐकत नाही. या दोन धोक्यांपैकी दुसरा मला मोठा वाटतो, असा तो युक्तिवाद आहे. तो चुकीचा असू शकेल. सशस्त्र गुन्हेगारांसोबत मोटारीतून जाणे कदाचित अधिक जीवघेणे ठरले असते, आणि ते नाकारण्याच्या सरकारच्या निर्णयामागे खरी चिंता होती. तरीही चुकीचा युक्तिवाद आणि भ्रमिष्ट मन या दोन गोष्टी एक नाहीत.

पोलिसांची भीती किती साधार होती?

याचे उत्तर त्या काळाच्या वर्तमानपत्रांत होते. सप्टेंबर 1971 मध्ये अमेरिकेतील ॲटिका तुरुंगात कैद्यांनी कर्मचाऱ्यांना ओलीस धरले होते. सरकारी दलांनी तुरुंग परत ताब्यात घेताना केलेल्या गोळीबारात दहा ओलीस मेले. कैद्यांनी त्यांचे गळे चिरले, असे आधी सांगितले गेले. शवविच्छेदनात मात्र त्यांचे मृत्यू गोळ्यांनी, म्हणजे सोडवायला आलेल्यांच्याच गोळ्यांनी झाल्याचे उघड झाले. सप्टेंबर 1972 मध्ये, म्हणजे स्टॉकहोमच्या घटनेच्या आधी वर्षभराच्या आतच, म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्राएली खेळाडूंना सोडवण्याचा जर्मन पोलिसांचा प्रयत्न विमानतळावर फसला आणि तोवर जिवंत असलेले नऊही ओलीस ठार झाले. त्याच महिन्यात स्वीडनमध्ये विमान अपहरण झाले. त्या वेळी सरकारने तुरुंगातील कैदी सोडले आणि प्रवासी जिवंत परतले. युरोपातल्या वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाने 1973 मध्ये या तीन घटना एकत्र ठेवल्या, तर तो कोणत्या निष्कर्षाला येईल? पोलिसांनी बळ वापरले की ओलीस मरतात आणि सरकार नमले की वाचतात, याच निष्कर्षाला.

नॉरमाल्म्सटोर्गमध्ये पोलिसांचे प्रत्यक्ष वागणेही विश्वास वाढवणारे नव्हते. दरोडेखोराची ओळख पटवताना त्यांची चूक झाली. त्याला भलताच फरार कैदी समजून त्या कैद्याच्या किशोरवयीन भावाला बोलणी करण्यासाठी बँकेत पाठवले गेले, आणि आतून गोळ्या सुटल्या. ओलिसांनी हे पाहिले. आपल्याला सोडवणाऱ्यांना आतला माणूस कोण आहे हेही ठाऊक नाही, एवढे त्यावरून त्यांना कळले.

पुढे पोलिसांनी तिजोरीच्या खोलीचे जाड दार बाहेरून बंद केले. दोन गुन्हेगार आणि चार ओलीस एकाच खोलीत कोंडले गेले. त्यानंतर छताला वरून भोके पाडण्याचे काम सुरू झाले. यंत्रांचा आवाज, खाली येणारे पाणी, ओली जमीन आणि भोकांतून कधीही आत येऊ शकणारा वायू, अशा स्थितीत ते सहा जण राहिले. ओल्सनने ओलिसांच्या गळ्यांत फास अडकवून ठेवले. वायू सोडला आणि माणसे बेशुद्ध होऊन कोसळली, तर फासच त्यांचा जीव घेतील, हा पोलिसांना दिलेला इशारा होता. एका भोकातून आतून झाडलेल्या गोळीने आणखी एक पोलीस जखमी झाला. दरोडेखोराची क्रूरता येथे कोणत्याही सबबीने कमी होत नाही, आणि ओलिसांना ती दिसत होती. तरीही वायू येईल तो वरून, पोलिसांकडून, हेही त्यांना दिसत होते. एकाच फासाची दोन टोके दोन वेगळ्या पक्षांच्या हाती होती.

28 ऑगस्टच्या रात्री अश्रुवायू सोडण्यात आला आणि थोड्याच वेळात दरोडेखोर शरण आले. ओलिसांनी आधी बाहेर यावे, असे पोलिसांनी सांगितले. ओलिसांनी नकार दिला, कारण आपण आधी गेलो तर पोलीस या दोघांना आतच गोळ्या घालतील अशी त्यांना भीती वाटत होती. दारात मिठ्या, हस्तांदोलन, निरोप झाले आणि मग दोघे आधी बाहेर पडले. स्ट्रेचरवरून नेताना एनमार्क यांनी ओलोफसनला, आपण पुन्हा भेटू, असे ओरडून सांगितले. कॅमेऱ्यांनी हे टिपले आणि जगाने तेवढेच पाहिले. या संपूर्ण प्रकरणात एकही माणूस मेला नाही.

निदान कोणी केले

पोलिसांना सल्ला देणारे मनोविकारतज्ज्ञ आणि गुन्हेशास्त्रज्ञ निल्स बेयेरोट यांनी ओलिसांच्या वागण्याला 'नॉरमाल्म्सटोर्ग सिंड्रोम' हे नाव दिले. स्वीडनबाहेर ते 'स्टॉकहोम सिंड्रोम' म्हणून पसरले. बेयेरोट हे या प्रकरणातले तटस्थ निरीक्षक नव्हते. ते पोलिसांच्या बाजूचे सल्लागार होते, आणि एनमार्क यांनी तिजोरीतूनच फोनवरून पत्रकारांशी बोलताना पोलिसांवर उघड टीका केली होती. बेयेरोट आपल्याशी कधीही बोलले नाहीत, असे एनमार्क यांनी सांगितले आहे. रुग्णाला न भेटता, ज्या यंत्रणेवर तो टीका करतो त्याच यंत्रणेच्या सल्लागाराने निदान करावे, हे वैद्यकीय नीतीला धरून नाही. बेयेरोट यांनी ते वाईट हेतूने केले असे मला म्हणायचे नाही. पण परिणाम एकच झाला. एका नागरिकाची सरकारविषयीची तक्रार होती, ती तिच्या मनाची तक्रार ठरली, आणि सरकारला तिचे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फ्रँक ऑकबर्ग यांनी या कल्पनेला अधिक नेमके रूप दिले. ओलिसाला बंदूकधाऱ्याविषयी आपुलकी वाटणे, बाहेरच्या अधिकाऱ्यांविषयी राग किंवा अविश्वास वाटणे आणि बंदूकधाऱ्यालाही ओलिसाविषयी आपुलकी वाटणे, असे तीन भाग त्यांनी सांगितले. यातील तिसऱ्या भागाची लोकांना फारशी आठवण नसते. या प्रकरणात मात्र तोच निर्णायक असावा. ओल्सनने नंतर सांगितले ते असे: ओलिसांनीच सगळे अवघड करून ठेवले, मी सांगेन ते त्यांनी ऐकले, कोणीही माझ्यावर हल्ला केला नाही, त्यामुळे त्यांना मारणे कठीण झाले. दिवसामागून दिवस त्या घाणीत एकत्र राहिलो आणि एकमेकांना ओळखण्यापलीकडे करण्यासारखे काहीच नव्हते, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता. हा त्रागा म्हणजे ओलिसांच्या वागण्याला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे. त्यांनी जे केले त्यामुळे ते त्याच्या लेखी माणसे राहिले, आणि माणसांवर गोळी झाडणे त्याला जमले नाही.

याच काळात न्यूयॉर्क पोलिसांनी ओलीस प्रकरणांत बोलणी करण्यासाठी खास पथक उभे केले. वेळ जाऊ देणे, ओलिसांची नावे घेऊन बोलणे, बंदूकधारी आणि ओलीस यांच्यात ओळख वाढू देणे, ही पुढे अशा पथकांची कामाची पद्धत झाली, कारण त्यामुळे ओलिसांचे जीव वाचण्याची शक्यता वाढते. म्हणजे बोलणी करणाऱ्या पोलिसाच्या दृष्टीने हे नाते हे सुरक्षेचे साधन आहे. तेच नाते सुटून आलेल्या ओलिसाच्या नावापुढे मात्र आजार म्हणून लिहिले जाते.

शास्त्रीय बाजू

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत 'स्टॉकहोम सिंड्रोम' या नावाचे निदान नाही. या विषयावरील उपलब्ध साहित्याचा एक आढावा 2008 मध्ये स्कँडिनेव्हियातील एका मनोविकारशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की बहुतेक लेखन एकेका प्रकरणाच्या वर्णनावर उभे आहे, निदानाचे पडताळलेले निकष नाहीत, आणि प्रसिद्धी मिळालेल्या प्रकरणांभोवतीच सारी चर्चा फिरते. कॅनडातील कुटुंबोपचारतज्ज्ञ ॲलन वेड यांनी एनमार्क यांच्याशी सविस्तर बोलून प्रकरणाची पुनर्मांडणी केली, आणि त्यात त्यांनी ओलिसांच्या प्रतिकाराकडे लक्ष वेधले. 2023 मध्ये काही अभ्यासकांनी या संज्ञेऐवजी, जीव वाचवण्यासाठी शरीर आणि मन मिळून केलेली समजूत काढण्याची खटपट, अशी मांडणी सुचवली. या अभ्यासकांत बालवयात अपहरण होऊन अठरा वर्षे कैदेत काढलेल्या जेसी डुगार्ड यांचाही समावेश होता, याला माझ्या मते विशेष अर्थ आहे.

त्याच वेळी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ओलिसांच्या भावना खऱ्या होत्या. सारे काही थंड डोक्याने केलेले नाटक होते, असे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या सांगण्याशी जुळत नाही. ओलोफसनने मला काही होऊ देणार नाही असे वचन दिले आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवायचे ठरवले, मी 23 वर्षांची होते आणि मला जिवाची भीती वाटत होती, असे एनमार्क यांनी सांगितले आहे. त्या वाक्यात भीती, निर्णय आणि ओढ तिन्ही आहेत. ओढ होती म्हणून निर्णय खोटा ठरत नाही. जीव वाचवण्यासाठी माणूस ज्याच्यावर विसंबतो त्याच्याविषयी मनात काहीच निर्माण होऊ न देणे, ही अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करता येण्याजोगी नाही. एनमार्क आणि ओलोफसन यांचा संबंध पुढेही काही काळ राहिला. त्यामुळे आतल्या दिवसांविषयी एनमार्क यांनी केलेले वर्णन खोटे ठरवता येत नाही.

आपल्याजवळचे एक उदाहरण

डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेले गेले आणि प्रवासी 31 डिसेंबरपर्यंत त्यात अडकून राहिले. एका तरुण प्रवाशाला अपहरणकर्त्यांनी भोसकून मारले होते. तरीही सुटून आलेल्यांपैकी काहींनी 'बर्गर' या टोपणनावाच्या अपहरणकर्त्याविषयी बरे बोलले. तो प्रवाशांशी गप्पा मारत असे आणि त्यांना अंताक्षरी खेळायला लावत असे. हे ऐकून अनेकांना संताप आला, आणि तो समजण्यासारखा होता, कारण अपहरणकर्त्यांच्या मागणीवरून सोडलेले तीन दहशतवादी देशाला पुढे फार महाग पडले. परंतु विमानात बसलेल्या माणसाला राष्ट्रीय सुरक्षेचा ताळेबंद मांडायचा नव्हता. पाच बंदूकधाऱ्यांपैकी कोण बोलतो आणि कोण मारतो, हे त्याला ओळखायचे होते. जो बोलतो त्याच्याजवळ जाणे, त्याच्या विनोदाला हसणे, ही त्या वेळी त्याच्या हातात असलेली एकमेव हालचाल होती.

कौटुंबिक हिंसेच्या बाबतीत आपल्याकडे ही संज्ञा आणखी सैलपणे वापरली जाते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्धची तक्रार बाई मागे घेते, पोलीस ठाण्यात त्याचीच बाजू मांडते, आणि मग तिला हा सिंड्रोम आहे असे सुशिक्षित लोक म्हणतात. नॉरमाल्म्सटोर्गचे प्रकरण वाचलेल्या माणसाने येथे आधी दुसरे प्रश्न विचारले पाहिजेत. तक्रार दिल्यानंतर त्या रात्री ती कुठे झोपणार आहे? माहेरचे दार उघडे आहे का? 2005 च्या कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी तिच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचतो? यापूर्वी तिने मदत मागितली तेव्हा काय झाले? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तिचे वागणे बहुधा कळते. मग तिच्या मनावर उपचार करण्याआधी तिच्या सुरक्षेची व्यवस्था करण्याचे काम समोर येते.

नंतरचे

ओल्सनला दहा वर्षांची शिक्षा झाली. ओलोफसनला खालच्या न्यायालयाने दोषी धरले. मात्र आपण परिस्थिती शांत ठेवण्यासाठी आत होतो, असे त्याचे म्हणणे होते, आणि अपिलात या प्रकरणापुरती त्याची सुटका झाली. पुढे तो इतर गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला आणि 2025 मध्ये वारला. न्यायालयाला ओलोफसनच्या भूमिकेविषयी गंभीरपणे विचार करावासा वाटला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ओलिसांनी त्याला ओल्सनपेक्षा वेगळे मानले, तेव्हा त्यांना दोघांतला फरक दिसला होता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

एनमार्क यांनी पुढे बँकेतली नोकरी सोडली आणि त्या मानसोपचारक झाल्या. आपल्या अनुभवावरचे पुस्तक त्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना ही संज्ञा मान्य नाही. ती पीडितालाच दोष देण्याची रीत आहे आणि मी जगण्यासाठी जे करता आले ते केले, असे त्या सांगत आल्या आहेत. त्या रात्री सरकारने काय करायला हवे होते, हा पाल्मे यांच्याशी बोलताना त्यांनी मांडलेला मूळ प्रश्न मात्र अभ्यासकांनी फारसा हाती घेतला नाही. चार ओलिसांच्या मनाविषयी अर्धशतक लिहिले गेले; दार बाहेरून बंद करण्याचा, त्या मुलाला आत पाठवण्याचा आणि फासांची माहिती असताना वायू सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या मनाविषयी त्याच्या अंशानेही लिहिले गेलेले नाही.